शब्द कोणाला बसतो?

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. स्वयंपाकघरात आपण एका पिशवीत दुसऱ्या पिशव्या कोंबत जातो आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर येतात, तसं त्यांचं आहे. मी रोज गोंदियाहून बसने दवनीवाड्याच्या पुढच्या एका गावात शिकवायला जाते. माझ्याकडे सातवीचा वर्ग आहे. गेल्या वर्षी वर्गात एक विनोदी कादंबरी वाचायला घेतली आणि तेव्हापासून माझं कपाट काही बंद होत नाही!

कादंबरी मुलांसाठीचीच. त्यातला मामा गावात सर्कस काढतो आणि प्राणी म्हणाल तर एक म्हातारा बैल आणि दोन बदकं. शाळा सुटायच्या आधीचा अर्धा तास मी ती मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवशी पोरं खदाखदा हसली. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिला आणि हसणं बंद! अख्खा वर्ग वहीत मान घालून अर्थ उतरवत बसला. विनोदाचं असं मातेरं मी दुसऱ्यांदा करणार नव्हते.

मग नियम बदलला. अर्थ मी सांगणार नाही. शब्द गोष्टीत ऐका, अंदाज करा आणि आपल्या गावात तो कोणाला बसतो ते शोधून उद्या चिठ्ठीवर लिहून आणा. वस्तू चालेल, जनावर चालेल, माणूसही चालेल.

'माणूसही चालेल' हे म्हणायला नको होतं!

*

पहिला शब्द होता धांदरट. दुसऱ्या दिवशी योगेशने चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच ओळ, 'आमची म्हैस.'

"काऊन रे?" मी विचारलं.

"मॅडम, दावं सुटलं का थे आंधी पयते. मंग मधातच थांबून पाह्यते, का मी जाऊन कुठं राहिली!"

शब्दकोशात याहून चांगला अर्थ दिला असेल तर मला आणून दाखवा.

*

त्या वर्गात टिकेश्वरी नावाची मुलगी होती. चोरखमाऱ्याच्या बाजूने तिचे आईवडील कामासाठी इकडे आले, तेव्हा ती सहावीत दाखल झाली. तिची आई सांगायची, "घरी इचं तोंड बंद होत नाही, मॅडम." शाळेत मात्र दीड वर्षात ती एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर! मी गोडीने विचारून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. मला तिची फार काळजी वाटायची. आठवीला ती मोठ्या शाळेत जाणार, तिथे साठ पोरांमध्ये तिचा हात कोण बघणार?

कादंबरीत बैल पहिल्यांदा रिंगणात येतो आणि तिथेच झोपतो, त्या पानावर टिकेश्वरी हसली. तोंडावर हात ठेवून, पण आवाज करून! त्या दिवशी मी ते पान पुन्हा वाचलं.

पुढचा शब्द आला हिरमुसणे. सगळ्यांच्या शेवटी टिकेश्वरीने चिठ्ठी माझ्या टेबलावर सरकवली आणि पळाली. त्यावर लिहिलं होतं, 'मॅडम. बस सुटली तवा.'

ही पोरगी रोज शाळा सुटल्यावर मला बघत असते, हे मला तेव्हा कळलं.

*

आमच्या गोंदियात अर्धं बोलणं हिंदीत. पोरांच्या घरी टीव्हीही हिंदीच. त्यामुळे कादंबरीत 'चेष्टा' आला तेव्हा लोचनाला अंदाज करायची गरजच पडली नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिने ठोकून दिलं, 'मी रोज गणिताची चेष्टा करते.'

मी तिला जवळ बोलावून सांगितलं, की बाई, मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. लोचनाने स्वतःचं वाक्य पुन्हा वाचलं. मग तिने गणिताची वही उघडून पाहिली.

"मंग तं बराबरच लिवलं ना, मॅडम!"

मी हसले खरी, पण त्याच आठवड्यात माझीही पाळी आली. दोन पिशव्या सांभाळत ऑटोत बसले होते आणि फोनवर बहिणीला सांगत होते, "काय सांगू, सकाळपासून नुसती यातायात चालली आहे!"

ऑटोवाल्याने ब्रेक दाबला, मान बाहेर काढून रस्ता नीट पाहिला आणि म्हणाला, "कहाँ है यातायात, मैडम? सामने एक बकरी है, बस!"

*

इरसाल हा शब्द आला तेव्हा योगेशने चिठ्ठीवर स्वतःच्या आजीचं नाव लिहिलं. लिहिलं तर लिहिलं, घरी जाऊन तिला सांगितलंही, "आजी, तू इरसालमंधी बसते."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच आजी शाळेत हजर! आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो.

"मायं नाव इरसालमंधी बसलं म्हणते. फारम कुठं भराचा?"

मी समजावते आहे, आजी ऐकत नाहीत. "मांगच्या योजनेत शेजारची बसली, मले नाही बसवलं. आता मी नाही उठत!" असं म्हणून त्या खरंच पायरीवर बसल्या.

आरडाओरडा ऐकून हेडसर बाहेर आले. आमचे हेडसर गणिताचे. चेहरा असा कोरा, की रागावले आहेत की नाही ते बायकोलाही कळत नसेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आजींकडे पाहिलं, योगेशकडे पाहिलं.

"मॅडम, नाव लिहून घ्या," ते म्हणाले. "आजी पूर्ण पात्र आहेत!"

*

मग थापाड्या आला आणि भानगड झाली.

सव्वीसपैकी अकरा चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. गावाच्या लाईनमनचं! कधीही फोन करा, "दहा मिनिटात लाईट येते." एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं, पण पुढच्या वेळी तो खांबावर चढला तेव्हा खालून पोरांनी एका सुरात हाक मारली, "थापाड्या काका!"

त्याने खांबावरूनच हेडसरांना फोन लावला. "मी दहा मिनिटात शाळेत येऊन तक्रार करतो!"

आला तिसऱ्या दिवशी.

तोवर आणखी दोन तक्रारी येऊन गेल्या होत्या. कोणाच्या तरी काकूला 'आगाऊ' बसला होता आणि कोणाच्या तरी मामाला 'ऐतखाऊ'. हेडसरांनी मला बोलावलं.

"मॅडम, शब्द चांगले आहेत. पण गाव माझ्या दारात येऊन राहिलं आहे. शनिवारी पालकसभा आहे, तिथं ठरवू. लोक नको म्हणाले, तर पुस्तक कपाटात."

कादंबरीची तीन प्रकरणं उरली होती. सर्कसचं काय व्हायचं ते होवो. पण टिकेश्वरी हल्ली मी वाचत असताना माझ्यासोबत ओठ हलवायला लागली होती. आवाज नव्हता, नुसते ओठ. आणि आता पुस्तक कपाटात? शुक्रवारी मला जेवण गेलं नाही.

*

शनिवारी वऱ्हांडा भरला. काकू बोलल्या, मामा बोलले, लाईनमन दोनदा बोलला. हेडसर वहीत लिहीत होते आणि मला त्यांचा कोरा चेहरा बघवत नव्हता.

मग टिकेश्वरीचे बाबा उभे राहिले. ते राईस मिलमध्ये कामाला. मशीनच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे त्यांनी कानात सांगितलेलंही चौकात ऐकू जातं.

"सर, माया पोरीनं मले परवा 'कांगावखोर' म्हटलं!"

संपलं, मी मनात म्हटलं. टिकेश्वरी खिडकीपाशी मान खाली घालून उभी होती.

"मले लय राग आला. म्हटलं, थांब, हेडसरले सांगतो. पन आंधी अर्थ तं पुसून पाहू."

"मग?" हेडसरांनी पेन थांबवलं.

"मंग काय, सर! सूप मीच उलटं धरलं, बांबूचं कुसळ माया बोटात घुसलं, अन् मी हिच्या मायवर वरडून राहिलो, का सूप इथं ठेवलंच कायले! अर्थ आयकला तं..." ते थांबले, बायकोकडे बघून घेतलं. "तं बरोबर निंगला!"

वऱ्हांडा हसला. काकू हसल्या, लाईनमनही हसला. हेडसर मात्र हसले नाहीत.

"ते ठीक आहे. पण शाळेत तर ही पोरगी तोंड उघडत नाही. मग या शब्दांचा फायदा काय?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "टिकेश्वरी, इकडे ये. तूच सांग, पुस्तक चालू ठेवायचं का बंद करायचं?"

मला हेडसरांचा संताप आला. एवढ्या लोकांसमोर तिला उभं करायला नको होतं. मी खुर्चीतून उठलेच होते.

टिकेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

"चालू ठेवा."

आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिची आई पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"काऊन?" हेडसरांनी विचारलं.

"तुमचावाला शब्द अजून आला नाही, सर."