कासवाचं बिऱ्हाड

सुभेदार शंकर जगताप गेले आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई फलटणजवळचं गाव सोडून मुलाकडे दिल्लीला आल्या. साकेतने नवा फ्लॅट घेतला होता, तोही नेमका तिथल्या द्वारका नावाच्या उपनगरात. गेटवरचा वॉचमन रजिस्टर पुढे करून नाव विचारी. त्या म्हणत, "द्वारका." तो म्हणे, "वो तो मालूम है माताजी, नाम बताइए."

नवऱ्याच्या बदल्यांपायी बबिन्यापासून बेळगावपर्यंत चौदा क्वार्टरं त्यांनी मांडली होती. ट्रकमधून सामान उतरायच्या आत ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, ते त्या बघून ठेवत. इथे मात्र सगळं इंटिरियरवाल्याने आधीच ठरवलं होतं. त्यांची कॉट कुठे, तेसुद्धा. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग दोन हजार एकच्या सप्टेंबरात कासव आलं. साकेत गुडगावच्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचे जर्मन साहेब, क्लाउस, बदली होऊन मायदेशी निघाले होते. मुलीचं कासवाचं पिल्लू त्यांनी कागदपत्रांसकट साकेतच्या हाती दिलं. "काही महिने सांभाळ," म्हणाले. साकेतच्या प्रमोशनवर त्यांचीच सही व्हायची होती, त्यामुळे साकेतला एकाएकी प्राण्यांची फार आवड निर्माण झाली.

त्याने इंटरनेटवरची चाळीस पानं ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणली. चार फुटी काचेची टाकी आली, रंगीत खडे आले, प्लास्टिकचं माडाचं झाड आलं, मधोमध दिवा, बाजूला थर्मामीटर. सगळा थाट टीव्हीशेजारी.

"आई, हात नको लावूस हं. टेंपरेचर सेट केलंय."

बटाटेवड्याएवढं ते पिल्लू खाईना, पिईना. काचेला नाक लावून दिवसभर चालायचं आणि होतं तिथेच राहायचं. सून शिवांगी कौतुकाने म्हणाली, "किती ॲक्टिव्ह आहे ना!"

द्वारकाबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्या बोलल्या. "ॲक्टिव्ह नाही गं, वाट शोधतंय ते. पलीकडचं दिसतंय आणि जाता येत नाही. जागा सगळी सारखीच तापलेली. त्याने गारव्याला जायचं कुठे? लपायचं कुठे?"

साकेतने पानं चाळली. एकतिसाव्या पानावर जवळजवळ हेच लिहिलं होतं. तो विसाव्या पानापर्यंत पोचला होता.

बाल्कनीत एक लाकडी खोकं होतं. त्यावर पांढऱ्या रंगात सुभेदारांचा नंबर आणि नाव होतं. द्वारकाबाईंनी ते रिकामं केलं. मागच्या मोकळ्या प्लॉटवरची माती चाळून, वाळू मिसळून वीतभर पसरली. एका टोकाला सपाट दगड आणि त्यावर दिवा, दुसरं टोक गार. तिथे फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला, ही आतली खोली. पाण्याला उथळ ताटली, पिल्लू बुडणार नाही अशी. खायला कुंडीतल्या जास्वंदीची पानं. बाळंतिणीच्या तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं त्या त्याला कोमट पाण्यात बसवत. सकाळी अर्धा तास बाल्कनीतलं खरं ऊन देत. वर घारी घिरट्या घालत, म्हणून खोक्यावर जाळी टाकून त्या स्वतः शेजारी बसत.

"ऊन खिडकीतून येतंच की," शिवांगी म्हणाली.

"काचेतून आलेलं ऊन अंगी लागत नाही."

चौथ्या दिवशी पिल्लाने अख्खं पान संपवलं.

साकेतने फोटो काढून साहेबांना ईमेल केली. त्यात 'मी डिझाइन केलेलं' असे शब्द होते. तुझ्या अभ्यासाने थक्क झालो, असं साहेबांचं उत्तर आलं. रविवारी ऑफिसातली मंडळी कासव बघायला आली. साकेतने त्यांना गरम टोक, गार टोक, मातीची खोली असं सगळं पॉइंटर फिरवावा तसं बोट फिरवून समजावलं. द्वारकाबाईंनी सगळ्यांना पोहे दिले. जाताना एकजण म्हणाला, "आंटीजी, आपका बेटा तो जीनियस है।" "बिल्कुल," त्या म्हणाल्या आणि प्लेटा उचलल्या.

डिसेंबरात क्लाउससाहेबांची ईमेल आली. प्रमोशन बंगलोरच्या माणसाला मिळालं होतं. शेवटी एक ओळ होती: मुलीने आता कुत्रा घेतलाय, कासव तुमच्याकडेच राहू द्या.

साकेत भडकला. "उद्याच देऊन टाकतो कुणाला तरी!"

"किती वर्षं जगतं रे हे?"

"पन्नास-साठ सहज."

"म्हणजे तुझ्या पेन्शननंतरही असेल."

"आई, प्रायव्हेटमध्ये पेन्शन नसते."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मग ह्या घरात एकाचं तरी पुढचं ठरलेलं असू दे."

शिवांगी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. साकेत खोक्यापाशी गेला. थंडी वाढली होती आणि दिवा मिणमिणत होता. त्याने जॅकेट चढवलं, गाडीची किल्ली घेतली. छापील पानं टेबलावर होती, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही.

"आई, बल्ब किती वॉटचा आणू?"

"साठचा," त्या म्हणाल्या. "आणि दोन आण. जानेवारी अजून यायचाय."