कडी लावणारी पाहुणी

आमच्या घरात दिवसाढवळ्या दार लावून बसायची दोनच कारणं असत, आजारपण किंवा भांडण. तिसरंही कारण असू शकतं हे एका जर्मन मुलीनं दाखवून दिलं आणि ते मला महागात पडलं.

ती साखर कारखान्यांचा अभ्यास करायला वर्षभरासाठी कोल्हापुरात आली होती. मी तेव्हा बी.ए.ला होते. आमच्या कॉलेजातल्या सरांनी ही योजना आणली होती. यंदा तिनं आमच्या घरी राहायचं आणि पुढच्या वर्षी मी तिच्या गावी शिकायला जायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, होकार दिला तो काही शिक्षणाच्या प्रेमापोटी नव्हे. गोरी पाहुणी गल्लीत आपल्याच घरी उतरणार, एवढ्यावरच ते खूश होते. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. मला जायला मिळाल्याशी मतलब.

पहिल्याच सकाळी आबा तिला चौकात घेऊन गेले. तिथं म्हशी उभ्या करून पेल्यात धार काढून देतात. मागून अर्धी गल्ली निघाली. तिनं तो फेसाळ पेला डोळे मिटून संपवला, तर लोकांनी टाळ्या पिटल्या, जशी काही तिनं मैदानात कुस्तीच मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी जेवताना ताटात वाढलेलं संपेना आणि वाढणारे थांबेनात. शेवटी ती हात जोडून उठली, माडीवरच्या तिच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

झालं! खाली नुसती धांदल. आमची आत्या घरातली वडीलधारी, तिच्या शब्दापुढं आबांचंही चालत नसे.

"रुसली काय गं ही?" तिनं मला विचारलं.

"वाचत बसली असेल."

"वाचायला कडी कशाला लागतीया? दिष्ट लागलीया तिला. दूध पिताना समद्यांनी बघितलं न्हाय व्हय?"

बंद दारावरूनच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत पडल्या. धूर जिन्यानं वर गेला आणि पाहुणी खोकत, डोळे पुसत बाहेर आली. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच, असं एरवी हीच आत्या सांगायची. पण त्या दिवशी दार उघडलं होतं ना, मग शास्त्र गेलं खड्ड्यात.

त्यानंतर तिला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. परमुलुखातली पोर, आईबाप जवळ नाहीत, घाबरून कडी लावते, असं आबांचं निदान. मग सकाळी आत्या तिच्या खोलीत जपमाळ ओढत बसे, दुपारी शेजारणी सुपं घेऊन गहू निवडायला तिथंच येत. खाली एवढा मोठा सोपा रिकामा पडलेला, पण नाही! ती पुस्तक उघडी, की कुणीतरी तिच्या केसांना तेल लावायला घेई. आणि ती बया हसत राही. तिच्या त्या हसण्याचाही मला राग येई. नको तर नको म्हण ना तोंडानं!

अखेर तिनं म्हटलं, तेही मला मध्ये घालून. रोज थोडा वेळ एकटीला बसू द्या, एवढंच मागणं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"एकटीला? का? आमी काय चावतोय व्हय?" आत्याचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. आबांचा चेहरा मात्र पडला. दुसऱ्या दिवसापासून तिच्याजवळ बसणारी माणसं वाढली. आपलंच काही कमी पडलं असणार, असं घरच्यांना वाटलं.

आठवडा संपायच्या आत पाहुणी मुलींच्या वसतिगृहात गेली. तिची पेटी पोचवायला मीच गेले होते. निघताना ती मला म्हणाली, किती भाग्यवान आहेस, तुला कधी एकटं वाटत नसेल. मग तिनं गोड हसून दार लावून घेतलं. थोबाडीत द्यावीशी वाटली.

घरी आले तर सर येऊन बसले होते. पाहुणी नसली तरी माझं जाणं रद्द होत नाही, असं ते आबांना समजावत होते. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले, "पण जिथं माणसाला माणूस जवळ नको, तिथं माझी पोरगी जायाची न्हाय. तिथं हिच्याजवळ कोण बसंल?"

कुणी बसू नये म्हणून तर मला जायचं होतं! हे सरांदेखत कसं सांगणार? सांगितलं असतं तरी कळलं असतं कुणाला? मी तशीच माडीवर गेले, कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागले.

धड रडूही झालं नव्हतं, तोवर दारावर थापा पडल्या. आत्या होती, आई होती, सुपं घेतलेल्या शेजारणी होत्या.

"उघड गं पोरी," आत्या म्हणाली. "एकटी नगं बसू. आमी आलोय की."

मी कडी काढली.