वगळलेली मोरी

जालन्यात उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. घनसावंगीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर कशीबशी जागा मिळाली. नवा सिमेंटचा रस्ता गुळगुळीत होता. सरकारी रस्त्यांचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी सरली; असा रस्ता पाहून मी सुखावलो.

तीर्थपुरीच्या अलीकडे फाट्यावर दत्तराव घ्यायला आले होते. माझ्या नकाशावरून त्यांनी त्यांच्याच गावचा रस्ता बांधला होता. आता ते घरांचे पाये भरतात. घरी वहिनींनी गरम येसर (भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची आमटी) आणि भाकरी वाढली.

"मोठ्या रस्त्याला पैसा भरपूर," जेवताना दत्तराव म्हणाले. "गावच्या रस्त्याला कमी, डागडुजीला तर बिलकुल न्हाई. आमच्यासारखे छोटे गुत्तेदार (ठेकेदार) संपून राह्यले."

"तुम्ही का सोडलं?"

"चला, दाखवतो."

गावाबाहेर नाल्यापाशी रस्ता वाहून गेला होता. चिखलात माझा बूट रुतला. तो काढेपर्यंत एक म्हातारी मेंढ्या घेऊन आली. कोकरं उचलून पलीकडे ठेवत होती. दत्तरावांकडे तिनं पाहिलंही नाही.

"कोण गावचे?" तिनं मला विचारलं.

"पुण्याचा. रस्ता बघायला आलो."

"बघा मंग. या गुत्तेदारानं मोरी खाल्ली. पाण्याला वाटच न्हाई ठेवली. सून बाळंतपणात अडली तवा इथंच थांबून राह्यलो. लेकरू गेलं."

दत्तराव खाली मान घालून उभे होते. नाल्याचं पाणी रस्त्याखालून जायला मोरी हवीच, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मंजूर पैशात रस्त्याची लांबी बसवायची म्हणून मी ती वगळली. पुढच्या वर्षी घेऊ, म्हणालो होतो.

"आजी, मोरी मी वगळली," मी म्हणालो. "नकाशा माझा होता. वगळू नका, असं यांनी सांगितलं होतं."

तिनं हातातलं कोकरू खाली ठेवलं.

"आन् गाव यांना बोलत व्हतं, तवा तुम्ही कुठं व्हता?"



परतताना जीपपर्यंत दत्तराव सोबत होते. "मी सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं," एवढंच म्हणाले.

पुण्यात पोचल्यावर ग्रामपंचायतीला सविस्तर पत्र लिहिलं, खाली सही केली. ते सभेत वाचलं, असा दत्तरावांचा फोन आला. मोरीचं काही ठरलेलं नाही. तेव्हा मोरी वगळून वाचवलेल्या पैशात रस्ता नाल्यापलीकडे थोडा पुढे गेला होता. तो तुकडा अजून शाबूत आहे. त्याच्यापर्यंत गाडी पोचत नाही.