रुमालाखालचा सौदा

येशूच्या नावानं शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलेला शब्दन्‌शब्द खरा आहे.

आता आमच्या शास्त्रात शपथ घ्यायलाच मनाई आहे, म्हणजे ही शपथ तशी धरता येत नाही. त्यातून उपदेशक होण्याआधी मी अकोल्याच्या बाजारात कापसाचा दलाल होतो. तेव्हा किती खरं मानायचं, ते तुमचं तुम्ही पाहा!

किस्से कापसासारखेच साठतात. एक गाडी रिकामी होते न होते तोच दुसरी येते. संध्याकाळी पाहावं तर ढीग माणसाच्या डोक्यावर गेलेला, आणि घरी पोचल्यावर थोडा मिशीलाही चिकटलेला. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली. त्या तेजीच्या वर्षांत आम्ही अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एका छकड्यातून प्रभूची वार्ता सांगत हिंडलो. आधी पाद्रीसाहेब आणि मी, मग तिसरा दौलत. एवढीच आमची फौज! पण अशी फौज लाटसाहेबाकडेही नव्हती.

*

साहेबांचा पहिला उपदेश अमरावतीच्या कापूसबाजारात झाला. त्या वर्षांत वऱ्हाडात जो गोरा उतरे, तो कापूस घ्यायलाच उतरे. साहेब छकड्यावर चढले मात्र, लोकांनी गराडा घातला. कुणी त्यांच्या हातात वानगीच्या कापसाचा बोळा कोंबतो, कुणी खिशात.

साहेब गहिवरले. त्यांना वाटलं, हीच इकडची पाहुण्याला मान द्यायची रीत! दोन्ही मुठींत कापूस धरून त्यांनी जोरात सांगितलं, "बंधूंनो, मी तुम्हांला तारण द्यायला आलो आहे. आणि तेही फुकट!"

पुढचा एक म्हातारा आपला बोळा साहेबांच्या मुठीतून काढून घेत म्हणाला, "फुकट? चाला रे! मालात खोट असन."

*

हा दुसरा किस्सा समजायला आमच्या धंद्याची एक रीत ठाऊक हवी. बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर दलाल रुमाल टाकतो, आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. चारी बाजूंनी माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोघांनाच कळतं. आणि एकदा झालेला सौदा कुणी बाहेर सांगत नाही. आमची इज्जतच त्यात!

साहेबांना सवय अशी, की प्रार्थना करताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरायचा. अकोल्यात प्रार्थनाघरापुढे पातूरच्या एका शेतकऱ्यासाठी ते अशीच प्रार्थना करत होते. उन्हाची तिरीप आली म्हणून त्या भल्या माणसानं आपला शेला दोघांच्या हातांवर ओढून घेतला. साहेब रंगात आले. प्रत्येक वाक्याला त्याचा हात दाबत राहिले.

"आमेन," साहेब म्हणाले.

"मंजूर!" शेतकरी म्हणाला, आणि त्यानं कापसाची गाडी तिथंच दारात उलटी केली.

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "साहेब, सौदा झाला तो झाला. आता फिरलात तर उद्या तुमच्या देवाच्या शब्दावर कोण भरवसा ठेवील?" साहेबांनी आपला घोडा विकून तो कापूस घेतला. मी तोवर नुसता बाजूला उभा राहून मजा पाहणारा माणूस. पण त्या दिवशी मला कळलं, हा माणूस खरा आहे. आयुष्यभर मी दुसऱ्याचा माल विकला. त्या दिवशी एक धनी मलाच विकत घेऊन गेला!

त्या कापसाच्या आम्ही प्रार्थनाघरात गाद्या केल्या. तेजीच्या भावाच्या गाद्या! अख्ख्या अकोल्यात तेवढ्या महागड्या गादीवर कुणी बसलं नव्हतं. माणसं गादी पाहायला येत, बसून पाहत, आणि बसल्यावर उठवत नसे म्हणून उपदेश ऐकत. बार्शीटाकळीकडचा एक तरणाबांड शेतकरी असाच बसला. चार रविवार बसला. पाचव्या रविवारी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आता मले बसवत नाई. काय करू ते सांगा."

तोच आमचा दौलत.

*

दौलत गावी सांगायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. त्याची आई गिरजामाय, विधवा बाई, जमीन एकटीनं राखलेली. जिभेला सुद्धा वखराचं पातं! दौलतनं बाप्तिस्मा घेतल्याचं सांगितलं आणि पाया पडायला वाकला. ती झटकन मागं सरली.

"शिवू नको मले. आजपासून तुहा हात माह्या अंगाले लागला नाई पायजे."

"माय, मी काही मेलो नाई."

"मेला असता तं बरं होतं. मेल्याच्या नावानं पानी तरी सोडता येते!"

दार बंद झालं. पुढे साहेबांनी विचारलं, तुला काही हवं का? तो म्हणाला, "मायनं एकडाव हात धरला पायजे. मंग काईच नको."

*

तरी गडी मागं हटला नाही, हे अभिमानानं सांगतो. पहिला उपदेश त्यानं स्वतःच्याच गावात केला, विहिरीपाशी. गिरजामाय घागर घेऊन तिथंच उभी.

दौलत म्हणाला, "हरवलेल्या लेकराले शोधत देव रानोरान फिरते!"

गिरजामाय म्हणाली, "मंग इचार त्याले, माह्यं लेकरू कुठं ठेवलं?"

सारं गाव हसलं. दौलतनं तरी उपदेश पुरा केला. साहेबांना वऱ्हाडी बोली काही झेपत नसे. त्यांनी हळूच मला विचारलं, "त्या बाई काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "साहेब, त्या आपल्या मुलाबद्दल देवाला प्रश्न विचारताहेत."

"वा!" साहेब खूश झाले. "यालाच जागृती म्हणतात!"

मी खोटं बोललो का? सांगा बरं!

*

तेजीत पैसा इतका आला, की एका पाटलानं गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा ठोकून घेतल्या. ती गाडी चालली की डोळे दिपत. एकदा वाटेत गाठ पडली. पाटील म्हणाले, "पाद्रीबुवा, तुमच्या देवानं तुमाले काय देलं? आमचं चाक पाहा!"

पुढच्याच नाल्यात ते चाक काळ्या चिखलात आसापर्यंत रुतलं. चांदी ती, पोळीसारखी दुमडली! आम्ही तिघं उतरलो. साहेबांनी विजार वर खोचली, दौलतनं चाकाला खांदा लावला, मी गाणं धरलं. भजनाची चाल, येशूचं नाव, आणि प्रत्येक कडव्याला एक रेटा. तिसऱ्या कडव्याला गाडी बाहेर!

पाटलांनी साहेबांच्या चिखलानं भरलेल्या अंगाकडे पाहून पागोटं सारखं केलं. "देवाचं मंग पाहू," ते म्हणाले. "पन मानसं चांगली पाळली त्यानं!"

*

आणि हा शेवटचा. अकोल्याचा बाजार, ऐन हंगाम. आम्ही एका कोपऱ्यात छकडा लावून गात होतो. तेवढ्यात बार्शीटाकळीच्या बाजूनं कापसानं भरलेली गाडी आली. हाकायला गिरजामाय स्वतः! दोन हंगाम लोटले होते. दौलतच्या हातातला डफ थांबला.

दलाल धावले. तिनं सगळ्यांना हातानं बाजूला केलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दलाल, तुहा रुमाल काढ."

दलाली सुटली तरी खांद्यावरचा रुमाल सुटला नव्हता. मी तो काढला आणि हात पुढं केला.

"तुह्यासंग नाई," ती म्हणाली. "त्याच्यासंग." आणि हनुवटीनं दौलतकडे दाखवलं.

बाजारातली निम्मी माणसं तिच्या गावची, तिच्या नात्यातली. सगळी पाहू लागली.

"माय, मी काही व्यापारी नाई," दौलत म्हणाला.

"मालूम हाय मले. बाजारात आली, भाव करून राहिली. यात कोनाचं काय जाते? हात आन."

त्यानं हात पुढं केला. तिनं केला. मी वरून रुमाल टाकला.

सौदा पटायला असा कितीसा वेळ लागतो? हा पटेचना. रुमाल थोडा हलला, मग हलायचाच थांबला. दोघंही खाली पाहत होते. साहेबांनी डोळे मिटले. लोक टाचा उंचावून पाहत होते, पण रुमालाच्या आत कुणाची नजर जाते? मी इतकी वर्षं भाव वाचले, वरच्या सुरकुतीवरून आकडा ओळखणारा माणूस मी. मलाही काही कळेना.

शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "काय भाव झाला, गिरजामाय?"

तिनं वर पाहिलं. "ज्याचा सौदा त्याले मालूम. तू काहून डोकावून राहिला?"

मग ती गाडीवर चढली, आणि एक बोंडही न विकता भरली गाडी घेऊन घरी गेली.

दौलतला मी किती वेळा विचारलं असेल, "अरे, किती बोटं?" तो नुसता हसतो. म्हणतो, "तूच शिकवलं ना, सौदा बाहेर सांगायचा नसते!"

आता राहिली कबुली. पाटलांच्या धावा लोखंडाच्याच होत्या. चांदी मी चढवली. रुमालात मात्र माझ्या पदरचं काही नाही. पटत नसेल तर गिरजामायला विचारा. तो रुमाल तिनं त्या दिवशी कमरेला खोचून नेला, आणि अजून परत दिलेला नाही.