सुरुवातीच्या रेषेवरचे गावंडे सर

पुंडलिकराव गावंडे सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला अडवलं म्हणून. अकोल्याजवळच्या एका बंद सूतगिरणीच्या आवारात, रीतसर परवानगी घेऊन, हौशी मोटारसायकलस्वारांच्या शर्यती भरतात. सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की चारशे मीटर. अमरावतीजवळच्या वलगावहून मी भावाची गाडी घेऊन गेले होते. तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला रांगेतून बाजूला व्हायला सांगितलं. मुलगी म्हणून अडवलं असं वाटून मी तसं बोलूनही दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "पोरगी हाय म्हणून नाई थांबवून राहिलो. पायात चप्पल हाय म्हणून थांबवून राहिलो."

पुढच्या वेळी मी बूट घालून गेले.

सरांनी आयुष्यभर मोटार दुरुस्ती शिकवली. निवृत्तीनंतर या शर्यतींचे नियम त्यांनीच घालून दिले आणि सुरुवातीच्या रेषेवर पंच म्हणून ते स्वतः उभे राहिले. नवशिक्यांच्या चुका त्यांना तोंडपाठ. दिवा लागण्याआधी इंजिन नुसतं गर्जवत ठेवायचं, मग क्लच सुटला की मागचं चाक जागीच फिरतं. शेजारच्या गाडीकडे पाहायचं, मग आपलीही गाडी तिकडेच ओढली जाते आणि मधली रेषा ओलांडली की स्वार बाद. पण सरांना खरी धास्ती जिंकणाऱ्यांचीच. "रेषेपाशी शर्यत संपते, वेग नाई संपत," असं ते प्रत्येकाला बजावतात. "पयले गाडी थांबव, मंग हात वर कर." हायवेवर शर्यत लावणाऱ्याला ते वर्षभर फाटकाच्या आत घेत नाहीत. या नियमाला त्यांनी आजवर कुणासाठीही अपवाद केलेला नाही.

माझ्या दुसऱ्या हंगामात, अंतिम फेरीत, दिव्याआधी गाडी हलली म्हणून सरांनी मला बाद केलं. मी हलले नव्हते, पण पंचांचा शब्द अखेरचा. वलगावात बातमी पोचली ती मी शर्यतीत चोरी केली अशी. बाबा भाजीपाला पिकवतात, रोज बाजारात चार माणसांना तोंड दाखवतात. त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि हा विषय घरात पुन्हा नको म्हणाले.

चौथ्या दिवशी सर एसटीने वलगावला आले आणि पत्ता विचारत थेट आमच्या वांग्याच्या वावरात पोचले. कुणीतरी मोबाइलवर काढलेलं त्या फेरीचं चित्रण त्यांना मिळालं होतं. गाडीचा पुढचा भाग फक्त दबला होता, चाक जागेवरच होतं. सरांनी ते बाबांना दाखवलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरीनं चोरी नाई केली. माह्या डोयाची चूक झाली."

बाबांनी ते चित्रण पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "एवढ्यासाठी अकोल्याऊन आले तुमी?"

"चूक चार लोकाइसमोर केली," सर म्हणाले, "दुरुस्त फोनवर कशी करू?"

त्या संध्याकाळी किल्ली माझ्या हातात आली. पुढच्या शर्यतीच्या दिवशी सरांनी लाउडस्पीकरवरून सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि ती फेरी पुन्हा घेतली. मी थोडक्यात हरले. बाबा प्रेक्षकांत होते. परतताना म्हणाले, हरली तरी सरळ चालवली.

तेव्हापासून रेषेवर दोन पंच असतात आणि पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. हा नियम सरांनी स्वतःविरुद्धच केला, असं मी नेहमी म्हणते. ते नुसते हसतात. हायवेवर वेग आजमावणारी अमरावतीची कितीतरी मुलं आता हेल्मेट घेऊन सूतगिरणीत येतात. अलीकडे मुलीही येतात. त्यांच्या गाड्या मी तपासते.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. येत्या हंगामापासून मुख्य पंच म्हणून मी उभं राहावं, असं त्यांनी सांगितलं आहे. मला भीती वाटते, हेही मी त्यांना सांगितलं. म्हणून त्यांना शुभेच्छा देताना थोडा स्वार्थ साधते. सरांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच धारदार राहो. रेषेजवळ त्यांची खुर्ची आम्ही मांडून ठेवू. तिथं बसून त्यांनी माझ्या चुका दाखवत राहाव्यात, अजून पुष्कळ वर्षं.