शेवटाकडून लिहिणारे पेंटरकाका

पेंटरकाकांची आणि प्रस्तुत लेखिकेची ओळख प्रौढ वर्गाच्या पहिल्या बाकावर झाली. हा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी पाच ते साडेसहा भरत असे. ज्यांना फळा नीट दिसत नाही त्यांनी पहिल्या बाकावर बसावे, असा बाईंचा नियम होता. फळा नीट न दिसणारे एकूण अकरा विद्यार्थी होते. त्यांपैकी दोघांनाच तो बाक मिळाला, कारण ते दोघे वेळेवर येत. एक पेंटरकाका. दुसऱ्या व्यक्तीविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

पेंटरकाकांनी बेचाळीस वर्षे दुकानांचे बोर्ड रंगवले. मराठी रंगवले, इंग्रजी रंगवले, आणि यांतले एकही त्यांना वाचता येत नव्हते. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून देई आणि काका फुलापानांची नक्षी उतरवावी तशी अक्षरे उतरवीत. अक्षर मात्र असे देखणे, की रस्त्याने जाणारा माणूस काम नसताना दुकानात शिरत असे. एकदा चपलेचा अंगठा तुटला तेव्हा काकांनी एका भल्या गृहस्थाला विचारले, की इथे जवळपास चपला शिवणारा कुठे बसतो. गृहस्थांनी बोट वर केले. काका आपल्याच हाताने रंगवलेल्या बोर्डाखाली उभे होते.

त्यांच्या कामाची एक रीत येथे नमूद करणे आवश्यक आहे. पेंटरकाका डावखुरे होते. डाव्या हाताने डावीकडून लिहीत गेले, तर मनगट मागच्या ओल्या रंगावरून फिरते आणि सगळे अक्षर फासले जाते. म्हणून ते ओळीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करीत आणि एकेक अक्षर उलट्या क्रमाने घेत डावीकडे येत. शेवटचे अक्षर आधी, पहिले अक्षर शेवटी. वाचता येत नसल्यामुळे यात त्यांना काही वावगे वाटत नसे. अडचण एकच होती. ओळ डाव्या टोकाशी येईतो फळीवरची जागा संपत आलेली असे. इंग्रजी ओळीच्या तोंडाशी बहुधा 'द' हा एक छोटासा शब्द असतो. तो लहान आहे, म्हणजे बिनकामाचा असणार, असे ठरवून काका तो सोडून देत. उलट जागा उरलीच, तर भकास दिसू नये म्हणून तोच शब्द दोनदा काढीत. अशा रीतीने दातांचे डॉक्टर 'द'विना राहिले, आणि कोपऱ्यावरच्या लॉंड्रीला दोन मिळाले.

बेचाळीस वर्षे कोणी हू की चू केले नाही. पण वाचनालयाला नवे चिटणीस आले. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते आणि त्यांना कोणताही मजकूर पत्त्यासारखा तपासून पाहण्याची सवय होती. त्यांनी वाचनालयाचा बोर्ड वाचला, समितीचा जुना ठराव काढून वाचला, आणि पेंटरकाकांना बोलावून घेतले. ठरावात नावाच्या आधी 'द' होता, बोर्डावर नव्हता. बोर्ड आता नव्याने करायचा होता, आणि तो छापील प्लास्टिकचा करावा असे त्यांच्या मनात होते.

"बेचाळीस वर्षांत माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवलं नाही," काका म्हणाले.

"अक्षराला मीही ठेवत नाही," चिटणीस म्हणाले. "जे अक्षर नाहीच, त्याला ठेवतोय."

काकांचे तोंड एवढेसे झाले. वाचनालयाचा बोर्ड हे त्यांचे आयुष्यातले पहिले काम होते. दर सहा वर्षांनी तो तेच रंगवत आले होते. वर्गात नाव घातल्यापासून त्यांच्या मनाने एकच घेतले होते, की येत्या खेपेला हा बोर्ड वाचत वाचत रंगवायचा. त्यांनी चिटणीसांना तसे सांगितले. चिटणीस मनाने वाईट नव्हते, फक्त नियमाचे पक्के होते. महिनाअखेरीस वर्गाची इंग्रजीची परीक्षा आहे, तीत काकांनी उत्तीर्ण व्हावे, म्हणजे बोर्ड त्यांचा; नाहीतर प्लास्टिक, असा त्यांनी निवाडा दिला.

त्या महिन्यात बाई नेमके हेच छोटे शब्द शिकवत होत्या. 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'. बाई वयाने वर्गातल्या कुणाच्याही नातीएवढ्या होत्या, पण वर्गात त्यांचा दरारा होता. मराठीत या शब्दांवाचून आपले सगळ्यांचे छान चालले असताना इंग्रजांनी हा कारभार कशाला वाढवून ठेवला, असे मागच्या बाकावरच्या इस्त्रीवाल्यांनी विचारले. बाईंनी समजावले, की वस्तूचा उल्लेख पहिल्यांदा होतो तेव्हा 'अ', आणि ती ओळखीची झाली की 'द'. निवृत्त बसचालक म्हणाले, की समजले. लांबून येते ती 'अ' बस, आणि आपली चुकते ती 'द' बस. इस्त्रीवाल्यांनीही मग शर्टांची तशीच वाटणी केली.

मग पेंटरकाकांनी विचारले, की हे रंगाच्या पहिल्या हातासारखे आणि दुसऱ्या हातासारखे आहे का. पहिला हात 'अ', दुसरा हात 'द'. बाई म्हणाल्या, की तसे म्हणायला हरकत नाही. आणि 'अ‍ॅन' म्हणजे, काका पुढे म्हणाले, दोन स्वर शेजारी आले की ओल्या रंगासारखे एकमेकांत उतरतात, म्हणून मध्ये 'न' घालून ते वेगळे ठेवायचे. बाईंनी हे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतले. काकांना हा विषय एकदा कळला तो असा, आणि मग त्यांनी घरच्यांना सळो की पळो करून सोडले.

"अ चहा दे," ते पत्नीला म्हणाले.

"अ कसला?"

"आजचा पहिला आहे, म्हणून अ. दुसरा मागेन तेव्हा द म्हणेन."

"दुसरा मिळायचा नाही," काकू म्हणाल्या. "म्हणजे द चा प्रश्नच मिटला."

काकांनी गावभर हिंडून आपल्या सर्व बोर्डांची पाहणी केली. एकतीस ठिकाणी शब्द कमी भरला, चार ठिकाणी जास्त. लॉंड्रीवाल्यांनी आपल्याकडचा जादा शब्द दातांच्या डॉक्टरांना द्यावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. लॉंड्रीवाले म्हणाले, की इतकी वर्षे सांभाळलेली वस्तू ते अशी देणार नाहीत.

परीक्षा शनिवारी झाली. बाईंनी मराठीत दहा वाक्ये सांगितली. ती इंग्रजीत लिहायची होती आणि वेळ एक तासाचा होता. पेंटरकाकांनी प्रथम कागदाला अंगठ्याने माप घेतले. मग पट्टीने दहा ओळी आखल्या. मग उजव्या टोकाला पेन टेकवून पहिल्या वाक्याचे शेवटचे अक्षर काढले. दहाही वाक्यांची शेपटी, मग धड, असे ते डावीकडे येत होते. पुढचे छोटे शब्द त्यांनी बेत करून मागे ठेवले होते. ते सगळे एका दमात, एका सरळ ओळंब्यात उतरवायचे होते. अक्षर मोत्यासारखे आले. घंटा झाली तेव्हा कागदाच्या डाव्या कडेला दहा स्वच्छ रिकाम्या जागा होत्या.

परीक्षा फक्त त्या दहा शब्दांचीच होती. बाईंनी शून्य दिले, आणि देताना त्यांनी मान वर केली नाही.

पेंटरकाका घरी जाऊन ब्रश धुवायला बसले. ब्रश आधीच धुतलेले होते. काकूंनी ते पाहिले, पायांत चपला सरकवल्या आणि थेट वर्ग गाठला. चिटणीसही तेथेच बसले होते.

"बाई, ह्यांना येतं," काकू म्हणाल्या. "महिनाभर ह्या माणसानं त्या शब्दावाचून पाणीसुद्धा मागितलेलं नाही. कान किटले माझे. आणि तुम्ही शून्य देता?"

मग त्यांनी डाव्या हाताची आणि उजव्या टोकाची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी काकांचा पेपर पुन्हा उजेडात धरला. त्या म्हणाल्या, की काकांची परीक्षा कागदावर घेणेच चुकले. वाचनालयाच्या बाजूच्या भिंतीला पंधरा दिवसांनी चुना लागणार आहे. तोवर काकांनी तिच्यावर ब्रशने लिहावे. पाच वाक्ये, दोन तास. चिटणीसांनी थोडा विचार करून मान्यता दिली, पण पाचपैकी पाच बरोबर हवीत, असे बजावले.

रविवारी सकाळी भिंतीपुढे माणसे जमली. पेंटरकाकांनी खडूची दोरी ताणून रेषा मारल्या, काकूंनी शिडी धरली, आणि बाईंनी मराठीत एक छोटीशी गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्या माणसाने शिडी आणली. शिडी उंच होती. एक मांजर तिच्यावर चढले. मांजर खाली येईना. मग तो म्हातारा माणूस शिडी धरून दुपारपर्यंत मांजराची वाट पाहत उभा राहिला.

काका उजवीकडून लिहू लागले. वाक्य शेवटाकडून उगवताना पाहण्याचा अनुभव लोकांना नवा होता. पुढच्या शब्दाशी ब्रश आला की सगळी गर्दी श्वास रोखून उभी राही. बसचालक दबक्या आवाजात 'अ' म्हणत, इस्त्रीवाले 'द' म्हणत, आणि त्यांच्यात चांगलीच जुंपे. पहिल्या ओळीला 'अ‍ॅन' लागला, दुसरीला 'द', तिसरीला 'अ', चौथीला 'द'. बाईंनी चारही वेळा मान डोलावली.

पाचवे वाक्य लांबलचक होते. ते डावीकडे सरकत सरकत आले, 'ओल्ड' या शब्दातला ओ भिंतीच्या अगदी कडेला चिकटला, आणि भिंत संपली. तो शेवटचा छोटा शब्द तेवढा बाहेर राहिला. वेळ संपायला सात मिनिटे उरली होती.

पेंटरकाका शिडीवर तसेच उभे राहिले. बेचाळीस वर्षे अशा वेळी ते खाली उतरून ब्रश पुसत आले होते. काकू खालून त्यांच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात शेजारच्या सलूनवाल्यांनी मदतीच्या हेतूने पुढे होऊन कुजबुज केली, की 'अ‍ॅन' घाला, वर पहिल्या ओळीत तसेच आहे.

"तेव्हा त्या म्हाताऱ्याची ओळख नव्हती," पेंटरकाका म्हणाले. "आता चार ओळी झाल्यात."

ते उतरले, शिडी उचलली आणि कोपऱ्यावरून वळले. वळल्यावर सलूनची भिंत लागत होती, नुकतीच पिवळी रंगवलेली. त्यांनी शिडी तिला टेकवली.

"काका, ही भिंत माझी आहे," सलूनवाले म्हणाले.

"वाक्य माझं आहे," काका म्हणाले आणि ब्रश टेकवला. आधी ई, मग एच, मग टी. अर्ध्या गालाला साबण लावलेले एक गिऱ्हाईक बाहेर येऊन शेवटपर्यंत उभे राहिले.

चिटणीसांना वाक्य तपासायचे होते, पण कोपऱ्यामुळे ते एका जागेवरून पुरते दिसत नव्हते. ते सलूनच्या बाजूला गेले, 'द' वाचला, तो मनात धरून वळसा घालून आले आणि उरलेले वाचले. खात्रीसाठी असे त्यांनी तीनदा केले. तिसऱ्या फेरीत त्यांना धाप लागली.

"पाचपैकी पाच," ते म्हणाले. "भिंत पुरली पाहिजे, असं प्रश्नपत्रिकेत कुठे म्हटलेलं नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी शिडी सोडली, तेव्हा त्यांना कळले की शिडी कधीच कोपऱ्यापलीकडे गेलेली आहे आणि आपण इतका वेळ नुसतेच हात पुढे धरून उभ्या होतो.

वाचनालयाचा बोर्ड पेंटरकाकांनीच रंगवला. लिहिले उजवीकडूनच, पण या वेळी फळीचे माप चारदा घेतले. तो टांगल्यावर ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तो डावीकडून उजवीकडे, बोट फिरवत, मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. रस्त्यावरचे लोक त्यांच्याकडे पाहत होते.

पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या भिंतीला चुना लागला आणि म्हातारा, शिडी व मांजर त्याखाली गेले. सलूनच्या पिवळ्या भिंतीवर मात्र तो एकटा 'द' राहिला. येणारे-जाणारे त्याचा अर्थ विचारून सलूनवाल्यांचे डोके पिकवू लागले. शेवटी कंटाळून त्यांनी भिंतीसाठी पुन्हा पिवळा रंग आणला. ही गोष्ट कानावर जाताच पेंटरकाका त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "भिंत खुशाल रंगवा. तेवढा एक शब्द सोडून रंगवा."