खिदिरपूरचं स्वच्छ पाणी

खिदिरपूरच्या त्या इमारतीतलं पाणी दर खेपेला स्वच्छ निघत होतं, आणि मला नेमकं तेच खटकत होतं.

मी कोलकात्याला आले ती नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. झाली होती. इथल्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली, कॉलऱ्याच्या जंतूंवर काम मिळालं आणि मी इथलीच झाले. मुलगी तर इथेच वाढली. ती घरात मराठी बोलते, पण 'आई, मी पाणी खाल्लं' असं म्हणते, कारण बंगालीत पाणी खातात. मी दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलंय.

त्या वर्षी दुर्गापूजा तोंडावर आली होती. रस्त्यारस्त्यांवर मंडपांचे बांबू उभे राहिले होते, आणि हॉस्पिटलकडून आमच्याकडे जुलाबाच्या रुग्णांचे नमुने येऊ लागले होते. प्लेटमधल्या हिरव्या रंगाच्या पोषक माध्यमावर कॉलऱ्याचे जंतू वाढले की पिवळे ठिपके दिसतात. तसे पिवळे ठिपके मला रोज दिसत होते, आणि बरेचसे रुग्ण गोदीमागच्या एकाच गल्लीतले, त्यातही एकाच जुन्या इमारतीतले होते. तिथे एका मजल्यावर पाच-सहा कुटुंबं राहायची. सगळ्यांचं पाणी जमिनीखालच्या एका टाकीतून वर चढायचं.

इतकं सरळ दिसत असताना टाकीतल्या पाण्यात जंतू सापडायला हवे होते. ते सापडत नव्हते.

पाण्याचे नमुने घ्यायला माझ्याबरोबर एक सहकारी असायचे. वयानं माझ्यापेक्षा मोठे, हुद्द्यानं बरोबरीचे. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला दिदी. त्यांचं बालपण त्याच भागात गेलं होतं, त्यामुळे तिथली माणसं त्यांना ओळखायची. आम्ही गेलो की दारं उघडी असायची, जिना धुतलेला असायचा, आणि इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी, एक निवृत्त गृहस्थ, खाली आमची वाट बघत उभे असायचे.

मी नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकायचे. पाणी गुलाबी व्हायचं. फिकट नाही, चांगलं गडद.

"क्लोरीन भरपूर आहे," एकदा मी दादांना म्हटलं.

"चांगलंच आहे की," ते म्हणाले आणि बाटल्या पेटीत ठेवू लागले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यभर गल्लोगल्लीचं पाणी तपासलं होतं. इतक्या क्लोरीनच्या पाण्यातून कॉलरा पसरत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांना काहीच कसं वाटलं नाही?

पाणी चांगलं निघाल्यावर गल्लीनं आपला निकाल स्वतःच लावून टाकला. कोपऱ्यावर फुचका, म्हणजे आपली पाणीपुरी, विकणारा एक माणूस होता. लोक म्हणाले, त्याच्या चिंचेच्या पाण्यातच काहीतरी आहे. आम्ही त्याच्या मडक्यातलं पाणी नेलं, त्याच्या हातांची तपासणी केली. काही मिळालं नाही. पण आम्ही त्याच्याकडे बाटल्या घेऊन गेलो, एवढं लोकांना पुरे झालं. कुणीतरी त्याची पाटी उलटवली. पुढच्या खेपेला तो कोपऱ्यावर नव्हता.

"कुठे गेला?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"गेला असेल गावी," ते म्हणाले. "बरं झालं. आता रोग थांबेल."

रोग थांबला नाही. तळमजल्यावर एक बाई होत्या, आम्हाला न चुकता चहा द्यायच्या. त्यांच्या नातीला सलाईन लावून ठेवलं होतं. त्या पोरीच्या नमुन्यातही तेच पिवळे ठिपके आले.

घरी जेवताना मी हे नवऱ्याला सांगत होते. त्यानं भातावर वरण घेत विचारलं, "तुम्ही जाताय हे त्यांना आधी कळतं का?"

"दादा काहीतरी व्यवस्था करतात. का?"

"आमच्या एखाद्या शाखेची तपासणी ठरली की आदल्या दिवशी सगळं चकाचक होतं. पाण्याच्या कुलरमध्येसुद्धा नवीन बाटली असते. खरं काय ते बघायचं असेल तर न सांगता जायचं."

मी ताटातला भात नुसताच कालवत राहिले.

"कुणाचा संशय आहे?" त्यानं विचारलं.

"कुणाचा नाही," मी म्हणाले. ते खरं नव्हतं. मला दादांचा संशय होता. त्यांची माणसं तिथे होती. तिथल्या कुणाला वाचवायचं असेल, कमिटीशी संबंध राखायचे असतील, किंवा आणखी काही. एकदा अशी सुरुवात झाली की मन कुठेही जातं. त्यांनी बाटलीचं झाकण कसं लावलं, फोन आल्यावर ते बाजूला का गेले, सगळ्याला अर्थ येऊ लागतो.

दोन दिवसांनी मी त्यांना सांगितलं, मुलीच्या शाळेत सभा आहे, मी उशिरा येईन. आणि पिशवीत बर्फ नि बाटल्या घेऊन एकटीच बसनं खिदिरपूरला गेले.

त्या दिवशी जिना धुतलेला नव्हता. खरकटं पाणी पायऱ्यांवरून ओघळत होतं. सेक्रेटरी खाली नव्हते. मी अंगणातल्या नळाचं पाणी घेतलं, गोळी टाकली. पाणी होतं तसंच राहिलं. गुलाबी रंगाची छटासुद्धा नाही.

तळमजल्यावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज न सांगता आलात?" त्या हिंदीत म्हणाल्या.

"एरवी सांगून येतो का आम्ही?"

"फोन येतो ना आदल्या दिवशी. मग सेक्रेटरीबाबू टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायला लावतात. आम्ही जिना धुतो. सरकारी माणसं येणार, घाण कशी दाखवायची?"

"फोन कुणाचा येतो?"

त्यांना माझ्या विचारण्यात काही वावगं वाटलं नाही. "तुमच्याबरोबर येतात त्यांचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लेट उचलून उजेडात धरली. पिवळे ठिपके होते. पुढच्या चाचण्या केल्या, शंका उरली नाही. इतके दिवस जे शोधत होते ते हातात होतं, पण मला आनंद झाला नाही. मी प्लेट घेऊन दादांच्या टेबलाशी गेले आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"हे त्या इमारतीतलं पाणी आहे," मी म्हटलं. "काल घेतलं."

त्यांनी चष्मा चढवून प्लेट नीट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे शाळेत सभा नव्हती."

"नव्हती. तुम्ही तिथे आधी फोन करता?"

"करतो. नेहमीच करतो. न सांगता गेलं तर दारं उघडत नाहीत, दिदी. कोरोनात पांढऱ्या कोटातली माणसं येऊन शेजाऱ्यांना उचलून न्यायची, ते लोक विसरलेले नाहीत. ओळखीच्या माणसानं फोन केला की बायका घरात थांबतात, बोलतात."

"आणि पावडर?"

"पावडरीचं मला माहीत नव्हतं."

त्यांनी ते शांतपणे सांगितलं. आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही. मग म्हणाले, "मला विचारलं असतंत तर मी न सांगता आलो असतो तुमच्याबरोबर."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. ज्याचा संशय आहे त्यालाच विचारून कसं चालेल?

आम्ही दोघं मिळून सेक्रेटरींकडे गेलो. ते आधी नाकबूल झाले, मग चिडले, मग खुर्चीत बसून हळू आवाजात बोलू लागले. पाण्यात दोष निघाला तर नळ बंद करतील, ऐन पूजेत एवढ्या कुटुंबांनी कुठे जायचं, ही त्यांना भीती होती.

"मग पावडर रोज का नाही टाकली?" मी विचारलं.

"वास येतो. लोक भांडायला येतात."

टाकीकडे येणारी इमारतीची खासगी पाइप उकरली, तेव्हा ती गटाराला अगदी खेटून गेलेली निघाली. एका जोडापाशी गंजून भोक पडलं होतं. ती बदलेपर्यंत टँकर आला, टाकी धुतली, आणि काही दिवसांत त्या गल्लीतले नमुने येणं थांबलं. तळमजल्यावरच्या बाईंची नात बरी होऊन घरी आली. फुचकेवाल्याचं काय झालं ते मात्र कळलं नाही. मी कोपऱ्यावर दोन-तीनदा चौकशी केली. लोकांनी माझ्याकडे, मी त्याला परत पकडायला आले आहे, अशा नजरेनं पाहिलं.

दादांनी आणि मी पुढे नवी पद्धत ठरवली. पाणी आधी घ्यायचं, न सांगता. लोकांशी बोलायला नंतर जायचं, फोन करून. पद्धत चांगली होती, संस्थेत अजूनही तीच वापरतात. पण तेव्हापासून नमुना घेतला की दादा बाटली माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "झाकण तुम्ही लावा." त्यात राग होता की नुसती काळजी, मला ओळखता आलं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही हावड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बरोबर होतो. त्यांचं घर पलीकडे. मी त्यांना सोडायला निघाले होते, निरोपाच्या भेटवस्तू हातात होत्या. नदीवर वारा होता. मी विचारून टाकलं, "दादा, त्या पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. इतका गुलाबी रंग. तुम्हाला खरंच काही वाटलं नाही?"

ते कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिले.

"वास यायचा," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या लहानपणीच्या गल्लीत शेवटी एकदाचं चांगलं पाणी आलं. ते खरं असावं असं वाटत होतं."

हे उत्तर शास्त्रज्ञाचं नव्हतं. पण खोटं आहे असंही म्हणवेना. मी ते मनात वेगवेगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, आणि दर वेळी निकाल वेगळा आला.

त्यांच्या घरी मी अजून अधूनमधून जाते. वहिनी लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, करतात, दादा संस्थेतल्या नव्या माणसांची चौकशी करतात. त्या गल्लीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.